भांगेच्या दांड्याचं घर: बारामती-इंदापूरच्या नवशिक्यांसाठी

संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या रुंदीकरणात तुमची रस्त्याकडेची पट्टी गेली आणि मोबदला खात्यावर आला. ट्रॅक्टर झाला, चारचाकी झाली, धाकट्याचं लग्न झालं. राहिलं घर. स्लॅबचा बंगला बांधावा तर तो चुलतभावानं आधीच बांधलाय, फाटकावर दोन सिंह बसवून. तुम्ही तीन बसवाल, पण फाटकाला खांब दोनच असतात. तेव्हा त्याच्याकडे नाही असं काहीतरी हवं, आणि ते नेमकं काय आहे हे त्याला पंधरा मिनिटं समजावून सांगावं लागेल असं हवं.

असं घर आहे. लाकडाची चौकट, तिच्यात भांगेच्या दांड्याचे तुकडे आणि चुना. पॅनेलं आधीच तयार करायची आणि जागेवर आणून फक्त जोडायची. पुढच्या सूचना क्रमानं पाळा. घाबरू नका. या दोन तालुक्यांत तुमच्याआधी हे कोणी केल्याचं ऐकिवात नाही, त्यामुळे चूक कुठं झाली हे ओळखणारंही कोणी नाही.

१. आधी बोलायला शिका

‘हेंपक्रीट’ म्हणा. भांग, गांजा हे शब्द घरात उच्चारू नका. झाडाची जात एकच आहे, आणि एकदा तो शब्द कानावर पडला की समोरच्याला पुढचं ऐकू येत नाही.

कृती सोपी आहे. दांड्यावरचा वाख सोलून काढला की आत हलका, लाकडासारखा गाभा उरतो. त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, चुना आणि पाण्यात कालवायचे, चौकटीत भरायचे, हलक्या हातानं दाबायचे आणि वाळू द्यायचे. झाली भिंत. काँक्रीटच्या एका घनमीटरचं वजन २४०० किलोच्या आसपास असतं, हिचं ३०० ते ४००. तुकड्यांत आणि तुकड्यांमध्ये हवा अडकलेली असते, म्हणून बाहेरचं ऊन आत पोचायला संध्याकाळ होते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू घट्ट होत जातो. भिंत ओल घेते आणि सोडते. पेटवली तर पेटायला फार कुरकुर करते. हे सगळं खरं आहे, त्यामुळे ते भरभर सांगून टाका. खऱ्या गोष्टींना श्रोते लवकर कंटाळतात.

मग परदेशावर या. फ्रान्समध्ये १९८६ च्या सुमारास नोजाँ-स्युर-सेन इथल्या एका जुन्या लाकडी चौकटीच्या घराच्या दुरुस्तीत हे मिश्रण वापरलं गेलं आणि तिथून ते युरोपभर गेलं. इंग्लंडात केंब्रिजशरमधल्या मार्जंट फार्मवर त्याच शेतातल्या हेंपची पॅनेलं करून ‘फ्लॅट हाउस’ नावाचं घर उभं केलं. सांगाडा दोन दिवसांत उभा राहिला. ‘दोन दिवस’ पाठ करा. त्याआधी पॅनेलं भरायला आणि वाळायला किती दिवस गेले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारलाच तर ‘प्रीफॅब आहे ना ते’ म्हणा आणि चहा मागवा.

एक गोष्ट मात्र आपणहून काढू नका. तुमच्या चुलतभावाच्या स्लॅबचं एम-२० काँक्रीट ज्या मापानं २० भरतं, त्या मापानं ही भिंत बहुधा १ च्याही आत भरते. छताचा भार ती पेलत नाही, तो लाकूड पेलतं. भिंत फक्त भिंत असते. आयुष्यभर घराचा भार वाहिल्याचं सोंग करणारी माणसं आपण घरोघरी पाहिली आहेत, भिंतीनं केलं तर काय बिघडलं?

२. वेरूळ हाताशी ठेवा

कोणी ‘हे परदेशी खूळ आहे’ म्हटलं की वेरूळ काढा. पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञ राहिलेले राजदेव सिंग आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या लेण्यांतला गिलावा तपासला. त्यात माती-चुन्याबरोबर भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले, साधारण दहा टक्के. २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये ते छापून आलं. ताडून पाहण्यासाठी ताजी झाडं त्यांनी जालन्याकडून आणि दिल्लीच्या वेशीवरून मिळवली होती. शास्त्राच्या नावानं हे झाड उपटायला मिळालेली ती मोजकी भाग्यवान माणसं. अजिंठ्याच्या गिलाव्यात मात्र भांग नाही आणि तिथल्या चित्रांचा बराच भाग किड्यांनी खाल्ला. वेरूळचा गिलावा दीड हजार वर्षं टिकला.

हा पुरावा जबरदस्त आहे आणि पुरणपोळीच्या जेवणानंतर तर फारच चालतो. एखादा खवट मेहुणा म्हणेल, ‘पण दाजी, वेरूळची भिंत बसाल्टची आहे. भांग वरच्या लेपात आहे, आणि लेप गळून पडला असता तरी कैलास उभाच राहिला असता.’ अशा माणसाला वास्तुशांतीला बोलवू नका.

३. माल मिळवा

भिगवणला मासे मिळतात, इंदापुरात डाळिंब मिळतं, बारामतीत तर मिळत नाही असं काही नाही असं बारामतीकर सांगतात. भांगेचा दांडा तेवढा मिळत नाही.

स्वतः लावावी का? जमीन आहे, निरा डाव्या कालव्याचं पाणी आहे, आणि पुरुषभर उंचीचा ऊस आडोशाला आहे. हा विचार तुमच्याआधी पुष्कळांना सुचलेला आहे. उसात गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्या या पट्ट्याला नवीन नाहीत. त्यातल्या एकानंही ‘साहेब, भिंतीसाठी लावली होती’ असं सांगितल्याचं वाचनात नाही. तुम्ही पहिले ठराल. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. दहा वर्षं राहायची सोय झाल्यावर घराची घाई राहणार नाही, हाही एक विचार आहे.

सरळ परवानगी मागून पाहावी, असं वाटत असेल तर शेजारच्या सोलापूर जिल्ह्याकडे बघा. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज केला की कुठल्याच पिकाला भाव नाही, तर गांजा लावू द्या. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटलं. भावाबद्दल कोण काय म्हणालं, ते ऐकू आलं नाही.

कायद्याच्या कलम १४ मध्ये धाग्यासाठी आणि बियांसाठी लागवडीला परवानगी द्यायची सोय आहेच. उत्तराखंडानं २०१८ पासून असे परवाने द्यायला सुरुवात केली, नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत हवा या अटीवर. तिथं पौडी गढवालच्या यमकेश्वर भागात नम्रता कंडवाल आणि गौरव दीक्षित या वास्तुरचनाकार जोडप्यानं २०२१ मध्ये भांगेच्या दांड्याचं आणि चुन्याचं घर उभं केलं. देशातलं अशा प्रकारचं पहिलं घर म्हणून ते ओळखलं जातं. डोंगरउतारावर भांग तिथं आपोआप उगवते, ओंजळभर चुन्यात जवळची वस्तू कालवली आणि घर झालं, इतकी ती साधी गोष्ट. त्यातलं ‘जवळची’ हे विसरा आणि त्यांच्या भागातून माल मागवा.

दीड हजार किलोमीटरांहून जास्त रस्ता आहे. माल इतका हलका की ट्रक भरतो पण काटा भरत नाही, म्हणजे भाडं तुम्ही मुख्यतः हिमालयातल्या हवेचं भरता. डिझेलचा धूर घराच्या कार्बनच्या हिशेबात धरू नका. तो वाहतूकदाराच्या खात्यावर टाका.

वाटेत नाका लागेल.

‘काय माल?’

‘भुसा, साहेब.’

‘कशाचा?’

इथं ‘बांधकाम साहित्य’ म्हणून थांबा. ‘हेंप’ म्हणालात तर साहेब मोबाइलवर शोधतील, आणि मोबाइलवर पहिल्यांदा पान दिसतं, भिंत नंतर. कायद्यातली व्याख्या छापून खिशात ठेवा: चरस, फुला-फळांचे शेंडे म्हणजे गांजा, आणि त्यांचं मिश्रण. दांड्याचं नाव त्यात नाही. रात्री दोन वाजता, पावसात, ताडपत्री सोडून ठेवलेल्या ट्रकपाशी उभं राहून व्याख्या वाचून दाखवणं हा एक वेगळा अनुभव असतो. शुभेच्छा.

४. शिवाराकडे बघू नका

ही सगळ्यात अवघड पायरी आहे, कारण शिवार सगळीकडे आहे.

सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, शहाजीनगरचा निरा-भीमा. एवढ्या धुराड्यांच्या गराड्यात तुम्ही राहता. एक टन ऊस गाळला की २५० ते ३०० किलो ओला बगॅस मागं राहतो. त्याचा बोर्ड होतो. निरा ओलांडून माळशिरस तालुक्यात गेलात की वेळापूरला बगॅसपासून बोर्ड करणारा इकोबोर्डचा कारखाना नव्वदच्या दशकात उभा राहिला. उसाचं पाचट एकरी तीन-चार टन निघतं. शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र ‘जाळू नका, कुजवा’ सांगून थकलं आणि मध्यंतरी उसाला एआय शिकवायला लागलं, तरी पाचट पेटतंच. शिवाय ताग. ऊस लावायच्या आधी तुम्हीच रानात ताग पेरता आणि फुलोऱ्यात आला की नांगरून गाडता. तोच ताग ठेवून, सडवून, वाख काढला तर सणकाडी उरते. तीही दांड्याच्या आतली हलकी काडीच. बांधावरच्या अंबाडीचंही तेच, तिच्या गाभ्याचे चुन्याबरोबरचे प्रयोग जगात झालेले आहेत. आणि तागासाठी अजून कोणाला आत टाकल्याचं ऐकलं नाही.

हे सगळं खरं असलं तरी तुमच्या कामाचं नाही. पाहुण्याला ‘ही भिंत यमकेश्वरहून आणली’ म्हणण्यात जे आहे, ते ‘ही भिंत आपल्याच पाचटाची’ म्हणण्यात नाही. पाचटाची भिंत म्हटल्यावर पाहुणा चपला काढायचंसुद्धा विसरेल.

फारच मोह झाला तर थोडं थांबा. लंडनमधल्या ईस्ट लंडन विद्यापीठानं २०२३ मध्ये बगॅसच्या विटा लोकांपुढे मांडल्या, नाव ‘शुगरक्रीट’. ज्या देशात उसाचं कांडं उगवत नाही तिथं हे झालं. त्यांचा माल विमानानं पुण्याला उतरू लागला की बगॅस प्रतिष्ठित झाला असं समजा, मग घ्या.

५. मिस्त्री आणि पॅनेलं

पॅनेलांचा कारखाना जवळपास नाही, तो तुम्हीच काढायचा. बंद पडलेलं पोल्ट्री शेड भाड्यानं घ्या. जाळीतून वारा खेळतो, पॅनेल वाळायला ते उत्तम. वास जायला वेळ लागतो. पुण्याहून लिननचा कुडता घालून येणारा सल्लागार त्याला ‘मातीचा मूळ गंध’ म्हणेल.

खरी लढाई मिस्त्रीशी आहे.

‘आण्णा, ह्यात शिमिट किती?’

‘सिमेंट नाही.’

‘म्हंजी शेवटाला टाकायचं?’

‘शेवटालाही नाही. चुना आहे ना.’

मिस्त्री बराच वेळ पाटीतल्या मालाकडे बघतो. मग अगदी हळू विचारतो, ‘लेकरंबाळं आतच झोपणार हायेत का?’

त्याचा राग धरू नका. त्याच्या आज्यानं चुन्याच्या घाण्यावर बैल फिरवला असेल, गूळ आणि बेलफळ घालून चुना मळला असेल. पण त्याच्या हाताला लहानपणापासून माहीत आहे ती पिशवी. तुम्ही जेवायला गेलात की तो एक घमेलं सिमेंट मिसळेल. तुमच्या भल्यासाठीच. मग तो धुमस घेऊन माल असा ठोकेल की आतली हवा निघून जाईल आणि पॅनेल पेटाऱ्यासारखं जड होईल. हलकं दाब म्हटलं की त्याला वाटतं तुम्ही पैसे वाचवताय. वरून सिमेंटचा गिलावा करून दिला की भिंतीची हवा-ओल घेण्याची वाटही बंद. अशा रीतीनं तुम्हाला हेंपक्रीटच्या किमतीत सिमेंटच्या सगळ्या सोयी मिळतात.

पायाचं मात्र मिस्त्रीच्याच मनासारखं होईल. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. तिच्यावर लाकूड-चुना नुसता ठेवला तर तिसऱ्या वर्षी दारं लागायची नाहीत. म्हणून पाया आरसीसीचा, जोतं जमिनीपासून चांगलं उंच आणि वर पत्र्याचा लांब छज्जा. पाया बुजेपर्यंत छायाचित्रं काढू नका.

वाळू या घराला जवळजवळ लागत नाही, आणि हा या भागात गंभीर विषय आहे. उजनीच्या पाण्यात वाळू उपसणाऱ्या बोटी महसूलवाले जिलेटिन लावून उडवतात आणि काही दिवसांनी पुन्हा बोटी दिसतात. वाळूशिवाय घर होतं हे खरं तर पहिल्या पानावर छापून यावं. गावात मात्र दारात डंपर उभा राहिला नाही याचा अर्थ एकच लावतात: पैसे संपले. एक ब्रास वाळू आणून दर्शनी भागात ओतून ठेवा. मांजरांची सोय होईल.

लाकूड वाळवीला घाबरतं, आणि काळ्या रानातली वाळवी कोणाला घाबरत नाही. बाभूळ तोडून वापरायचा विचार असेल तर परवाना लागतो की नाही हे विचारायला हेलपाटे घाला. सागवान घ्याल तर मोबदला संपेल. पाइन घ्या, ते बोटीतून येतं.

पॅनेल किती मोठं करायचं? आठ बाय दहा फुटांचं, फूटभर जाड पॅनेल पाऊण टनाच्या आसपास जातं, लाकूड वेगळं. हलकं आहे असं आपण सांगत होतो ते काँक्रीटच्या मानानं. हायड्रा क्रेन लागेल. हंगामात हायड्रावाला कारखान्याच्या कामात असतो, आणि तो मिळाला तर रस्ता मिळत नाही, कारण पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. तुमच्या वस्तीकडे वळताना विजेच्या लोंबत्या तारा आडव्या येतील. बांबूनं तारा उचलून धरायला एक नातेवाईक उभा करा. वारस असलेला नको.

६. सरावासाठी कोपी बघून या

आयती, सुटी होणारी, वनस्पतीची घरं प्रत्यक्षात कशी असतात ते पाहायला केंब्रिजशरला जायचं कारण नाही. दिवाळी झाली की कुठल्याही कारखान्याच्या तळावर जा.

बीडकडून, अहिल्यानगरकडून कोयत्यांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एका कोयत्याला एक कोपी. बांबू आणि चटई बहुधा कारखान्याची, पाचट फडातलं, वर प्लास्टिकचा कागद. दुपारी गाडी थांबली की दिवेलागणीला चूल पेटलेली असते. वही काढा आणि लिहून घ्या. सिमेंट नाही. वाळू नाही. सगळा माल स्थानिक. सुटे भाग, जागेवर जोडणी, हायड्रा लागत नाही. हवा खेळती, इतकी की डिसेंबरात ती लेकरांच्या छातीत खेळते. हंगाम संपला की घर उरतच नाही, म्हणजे जमिनीवर ओरखडाही नाही. कार्बनचा हिशेब मांडला तर तुमचं घर लाजेल. हीच यादी चांगल्या कागदावर छापून पाठवली तर एखादा पुरस्कार सहज मिळावा.

मग फरक काय, असं तुमच्या मनात येईल. फरक मोठा आहे. कोपीत वाकून शिरावं लागतं, तुमच्या घरात सल्लागाराचं ऐकून मान खाली घालावी लागते. कोपीला दार नाही, न्हाणी नाही, बाईला अंधार पडल्याशिवाय आडोसा नाही. तिथं मातीशी जवळीक नाइलाजानं असते, तुमच्याकडे ती चौरस फुटाच्या दरानं असेल. आणि मुख्य म्हणजे कोपीवाल्यांना कोणी विचारत नाही की हे तुम्हाला कसं सुचलं.

तुम्हीही विचारू नका. ‘ताई, आत गार वाटतं का हो?’ असं आत राहणाऱ्या बाईला विचारण्याची हौस अनेकांना येते. ती दगडावर कोयता घासता घासता मान वर करील आणि उलट विचारील, ‘दादा, तुमच्याकडं स्लॅबचा काय रेट चालू हाय?’ तिच्या गावी चार कॉलम उभे आहेत आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांतच गेलेली आहे. तुम्ही स्लॅब सोडून पाचटाकडे निघालात आणि ती पाचट सोडून स्लॅबकडे. बोलण्यासारखं दोघांकडे फार नाही. दर सांगा आणि या.

७. घरपट्टीची नोंद

घर उभं राहिलं की ग्रामपंचायतीत जा. नमुना ८ मध्ये बांधकामाचा प्रकार लिहावा लागतो. रकाने ठरलेले आहेत: झोपडी किंवा मातीचं; दगड, विटा आणि माती; दगड-विटा आणि चुना किंवा सिमेंट; आरसीसी.

‘भाऊसाहेब, भिंती लाकूड, चुना आणि दांड्याच्या तुकड्यांच्या आहेत.’

‘म्हणजे कुडाच्या.’

‘कुडाच्या नाहीत हो, पॅनेलच्या.’

‘पत्रा?’

‘पत्रा छपराला. भिंतीत हेंप.’

‘दगड आहे का?’

‘नाही.’

‘वीट?’

‘नाही.’

‘मग झोपडी.’ भाऊसाहेब लिहून मोकळे होतात. त्यांचं चुकत नाही, रकान्यात चुना आहे पण तो दगड-विटांच्या पाठीमागून येतो, एकटा येत नाही.

आता नवशिका इथं खूश होतो, कारण झोपडीची घरपट्टी सगळ्यात कमी. खूश होऊ नका. उद्या मुलीचं स्थळ बघायला मंडळी येणार, त्यांच्यातला एखादा शहाणा ग्रामपंचायतीत डोकावणार आणि तिथं तुमच्या नावापुढं ‘झोपडी’ असणार. म्हणून लगेच हरकतीचा अर्ज करा. घरपट्टी कमी करा म्हणणाऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यात तुमचा एकटाच असेल, वाढवून आरसीसीची लावा म्हणणारा. पुरावा म्हणून पायाची छायाचित्रं जोडा. ती काढू नका असं मी वर म्हटलं होतं. एक-दोन काढून ठेवा.

बँकेचं कर्ज काढायचं असेल तर हीच बोलणी तिथं करा, फक्त खुर्ची बरी असते.

८. पाहुणे

येणारा प्रत्येक जण भिंत वाजवून बघणार. टकटक केली की चुन्याच्या लेपातून मऊसर आवाज येतो, आणि पाहुणा काही न बोलता यजमानाकडे बघतो. दिवाणखान्यात जिथं हात पोचतो तिथं शहाबादी फरशी लावून घ्या. टकटकीला समाधान मिळतं.

मग वडिलांचा फोटो. नुसत्या भिंतीत खिळा धरत नाही, आतलं लाकूड कुठं आहे ते शोधूनच ठोकावा लागतो. त्यामुळे आबांचा फोटो, टीव्ही, घड्याळ आणि पालखीतल्या दिंडीचा मोठा फोटो हे सगळं एका उभ्या रेषेत, एकाखाली एक येईल. ही मांडणी जपानी आहे असं सांगा.

रंगाचं दुःख मोठं आहे. चुलतभावाचा बंगला आतून पिस्ता आणि बाहेरून जांभळा आहे. तुम्हाला प्लास्टिक रंग चालणार नाही, भिंतीची तोंडं बुजतात. चुन्याचाच हात द्यायचा. पांढरा, नाहीतर फार तर गेरू घालून. गेरू घातलात तर ‘शाळा बांधली का?’ असं विचारतील.

एप्रिलात मात्र तुमचे दिवस येतात. बाहेर चाळीस अंशांच्या वर पारा, चुलतभावाचा स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेल्या तव्यासारखा आणि तो माडीवरून अंथरूण उचलून ओसरीवर आलेला. तुमच्या घरात पंख्यावर भागतंय. हा घराचा एकमेव निखळ विजय आहे. पण तो पाहायला दुपारी कोणी येणार नाही, कारण सगळे एसी लावून झोपलेले असतात.

९. गज

शेवटचं काम, आणि हे मिस्त्री न सांगता करील.

आपल्याकडे पुरं झालेलं घर संशयास्पद मानतात. गच्चीवर कॉलमचे गज दोन-अडीच फूट वर सोडलेले असले म्हणजे घरात अजून दम आहे, पोरं कर्ती आहेत, वर मजला चढणार आहे असं गावाला कळतं. वीस वर्षं गज गंजत उभे असले तरी हरकत नाही. तुमच्या घरावर मजला कधीच चढणार नाही. भिंत स्वतःचंही वजन मोजून मापून घेते, तिथं दुसरं घर कुठं सोसणार? छपराच्या चारही कोपऱ्यांना लाकडी तुळईत भोकं पाडून गज उभे करा. खाली काहीही नसलं तरी चालतं, खालून कोणी बघत नाही. भोकाभोवती चांगलं मेण-डांबर भरा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी लाकडात उतरेल. माथ्याला सिमेंटची लुगदी फासा.

गज बारा मिलिमीटरचेच घ्या. आठाचे रस्त्यावरून ओळखू येतात.